जुन्या रानात पाहायचे काय?

भीमाशंकरचे दर्शन आटोपून, आता आलोच आहोत तर अरण्यही पाहून घेऊ या विचाराने गुप्त भीमाशंकराच्या वाटेला लागलेली मंडळी तासा-दोन तासांनी परत येतात, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी ना कोणी एक प्रश्न हमखास विचारतो: "एवढे नावाजलेले अभयारण्य, पण वाघ नाही, हरीण नाही, फुलांचे ताटवे नाहीत. सगळीकडे नुसती झाडे आणि सामसूम. इथे पाहायचे तरी काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर देणे हे रानाविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, कारण ज्या ठिकाणी पाहण्यासारखे काही नाही असे लोकांच्या मनाने घेतले, त्या ठिकाणाची राखण लोक फार दिवस करीत नाहीत.

जुन्या रानात पाहण्याची मुख्य गोष्ट म्हणजे काळ. शेकडो वर्षे एखादी जमीन तिच्या मर्जीप्रमाणे राहू दिली असता तिचे काय होते, हे तेथे प्रत्यक्ष मांडलेले असते; मात्र काळाच्या खुणा कोणत्या आणि त्या कोठे शोधाव्यात, हे आधी ठाऊक नसेल तर त्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत. त्या खुणा एकेक करून उलगडून दाखवाव्यात, एवढ्यासाठीच हे प्रकरण लिहिले आहे. उदाहरणे बव्हंशी भीमाशंकरची घेतली आहेत. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सरहद्दीवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेल्या या टापूला १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर असले तरी ते सर्वच्या सर्व जुने रान नव्हे. जुने रान त्यात तुकड्यातुकड्यांनी, विशेषतः देवस्थानांच्या आसपास, टिकून राहिले आहे.

१. जुने रान कशाला म्हणावे?

ज्या रानावर दीर्घकाळ सरसकट कुऱ्हाड चाललेली नाही, जे नांगराखाली आलेले नाही किंवा वणव्याने निखालस साफ झालेले नाही, आणि म्हणून जेथे झाड आपल्या मरणाने मरते व त्याची जागा त्याच रानातल्या बीजातून उगवलेले दुसरे झाड घेते, त्या रानाला जुने रान म्हणावे. या व्याख्येतील महत्त्वाचा भाग म्हणजे पिढ्यांची सरमिसळ. सागाच्या लागवडीत उभे राहिले असता सारी झाडे एका उंचीची, एका जाडीची आणि एका रांगेत दिसतात, कारण ती एकाच पावसाळ्यात लावलेली असतात. जुन्या रानात मात्र दोन पानांचे रोप, मनगटाएवढे खोड, कवेत न मावणारा बुंधा आणि आडवा पडून माती होऊ लागलेला ओंडका हे चारही एका नजरेच्या टप्प्यात असतात. हे चारही दिसले, की आपण योग्य ठिकाणी आलो असे खुशाल समजावे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. जुने रान म्हणजे गगनचुंबी वृक्ष, अशी अनेकांची कल्पना असते, आणि भीमाशंकरला तिची पुरती निराशा होते. तेथील रान मुख्यतः अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचे. महाबळेश्वर आणि माथेरान येथेही थोड्याफार फरकाने हाच मेळ आढळतो. माथ्यावरचा सोसाट्याचा वारा, कातळावरचा मातीचा पातळ थर आणि पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने यांमुळे ही झाडे फारशी उंच होत नाहीत. अंजनी तर स्वभावतःच संथ वाढणारी; चैत्राच्या सुमारास तिच्या काटक्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटून बसतात तेव्हाच लोकांचे तिच्याकडे लक्ष जाते, आणि एरवी तिच्या मांडीएवढ्या खोडाकडे कोणी वळूनही पाहत नाही.

मग झाडाचे वय ओळखायचे कसे? सागासारख्या पानझडी वृक्षाचे काम त्या मानाने सोपे असते. पाने गळून गेलेल्या महिन्यांत त्याची वाढ थांबते, पावसाबरोबर पुन्हा सुरू होते, आणि या थांबण्या-चालण्याची नोंद खोडात वर्षागणिक एका वलयाच्या रूपाने होते. बारमाही हिरव्या झाडांना अशी सक्तीची विश्रांती नसल्यामुळे त्यांच्यापैकी पुष्कळांची वलये अस्पष्ट असतात, आणि अंदाज घेरावरूनच करावा लागतो. समजा, एखाद्या जांभळीचा घेर छातीच्या उंचीवर २०० सेंटीमीटर भरला. तिचा घेर वर्षाला सरासरी १ सेंटीमीटर वाढतो असे धरले, तर तिचे वय २०० वर्षे येते, आणि वाढीचा वेग त्याच्या निम्माच धरला, तर तेच वय ४०० वर्षांवर जाते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील: पहिली, अशा आकड्यांवर पैज लावू नये; आणि दुसरी, संथ वाढणारे बारीक खोड शेजारच्या धष्टपुष्ट आंब्याहून वडील असू शकते.

२. मेलेल्या झाडाचे आयुष्य

रानात गेलेल्या शहरवासीयाला सर्वांत जास्त खटकते ती वाळलेल्या आणि कुजलेल्या लाकडाची पसरण. वनखात्याने हे उचलून नेऊन जागा स्वच्छ का केली नाही, अशी पृच्छाही होते. वस्तुतः जुन्या रानाची सर्वांत विश्वासार्ह खूण हीच आहे, कारण लागवड केलेल्या रानात किंवा सरपणासाठी रोज उपसल्या जाणाऱ्या रानात झाडाला म्हातारे होण्याची आणि मरून पडून राहण्याची मुभाच नसते.

झाड मरते म्हणजे काय होते, ते क्रमाने पाहू. जुनी फांदी वाऱ्याने मोडते. त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि खोडाच्या मधल्या, निर्जीव झालेल्या भागाला पोखरू लागते. झाड बाहेरून जिवंतच असते, पाने फुटत असतात, पण पोटात पोकळी तयार होते. ही पोकळी म्हणजे ढोली, आणि रानातील कित्येक प्राण्यांचा संसार तिच्यावाचून अडतो. दक्षिण कोकणात आणि सह्याद्रीत आढळणाऱ्या धनेश पक्ष्याचे उदाहरण घ्या. एवढ्या प्रचंड चोचीचा हा पक्षी स्वतः लाकूड कोरून घर करू शकत नाही. त्याला आयती आणि प्रशस्त ढोली लागते. विणीच्या हंगामात मादी त्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि इतर चिकट द्रव्यांच्या लिंपणाने तिचे तोंड बुजवते व फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते; मग कित्येक आठवडे नर तिला आणि पुढे पिलालाही त्या फटीतून फळे भरवीत राहतो. ज्यात एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली जाड खोडातच होऊ शकते, जाड खोड व्हायला अनेक दशके जावी लागतात, आणि तेवढा अवधी न मिळालेल्या रानात अन्नाची कितीही रेलचेल असली तरी धनेशाला बिऱ्हाड करता येत नाही. शिवाय जी फळे तो गिळतो त्यांच्या बिया तो दूरवर टाकतो. म्हणजे एका पोकळ झाडावाचून रानाच्या पेरणीतच खोट येते.

झाड कोसळल्यावर दुसरा अध्याय सुरू होतो. लाकडाला कणखरपणा देणारे द्रव्य पचवण्याची ताकद सृष्टीत फार थोड्यांपाशी आहे, आणि त्यांत बुरशीचा मान पहिला. ओंडक्यावर दिसणाऱ्या छत्र्या आणि फळ्या ही केवळ तिची बाहेर आलेली फळे. तिचे खरे शरीर सुतासारख्या तंतूंच्या रूपाने लाकडात खोलवर पसरलेले असते. भर पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या काटक्या रात्री मंद हिरवट उजेड देतात, तोही अशाच एका बुरशीचा प्रताप. तिच्या पेशींतील एका द्रव्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून उष्णतेऐवजी बहुतांशी प्रकाशच बाहेर पडतो. अलीकडे हा चमत्कार पाहण्यासाठी रात्री माणसांची झुंबड उडू लागली आहे, आणि ज्या ओल्या, भुसभुशीत काटक्यांत तो उजेड वास करतो त्याच काटक्या पायांखाली चुरडल्या जात आहेत, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

ओंडका जसजसा कुजतो तसतसा तो ओल धरू लागतो. त्यावर शेवाळ येते, शेवाळावर नेचे येतात, आणि नेच्यांच्या आडोशाला एखाद्या झाडाचे बी रुजते. आडव्या ओंडक्यावर सरळ रेषेत उगवलेली रोपे कोठे दिसली, तर तेथे थांबून अवश्य पाहावे.

३. उजेडाची वाटणी

रानातील सर्व भाऊबंदकी उजेडासाठी असते. उघड्या माळावर पडणाऱ्या उन्हाचे शंभर भाग कल्पिले, तर दाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत पोचणारे भाग जेमतेम दोन-चार भरतात. बाकीचे वरची पाने वरच्या वर घेऊन टाकतात. सर्वांत वर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे पर्णछत्र. त्याला लपेटून गारंबीसारखे महावेल, ज्यांची शेंग माणसाच्या हाताहूनही लांब भरते. फांद्यांच्या बेचक्यांत आमऱ्या, म्हणजे सालीवर नुसता आधार घेऊन, झाडाचा रस न शोषता जगणाऱ्या वनस्पती. त्याखाली कमी उजेडात भागवणारी झुडपे. आणि जिथे पर्णछत्र विरळ, तिथे कारवी. ही कारवी सात वर्षे निमूटपणे वाढते, मग एकाच हंगामात डोंगरचे डोंगर फुलवून टाकते, बी धरते आणि सामुदायिकपणे मरते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड घालून महादेव कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या भिंती उभ्या केल्या आहेत.

आता या अंधारात नवे झाड वाढते कसे? याचे उत्तर विलक्षण आहे: ते वाढत नाही, वाट पाहते. जुन्या रानातील कित्येक झाडांची रोपे वीतभर उंच होऊन चार-सहा पानांवर थबकतात आणि अत्यल्प उजेडात, जवळजवळ न वाढता, वर्षानुवर्षे तग धरून राहतात. एखादे मोठे झाड कोसळले, की पर्णछत्राला भगदाड पडते, तेथून ऊन थेट जमिनीवर येते, आणि इतकी वर्षे खोळंबलेली ही रोपे एकदम उंच होऊ लागतात. त्यांच्या स्पर्धेला चांदाड्यासारखी उन्हाची हावरी झाडे येतात. ती भराभर वाढतात, सावली धरतात, आणि त्यांच्याच सावलीत संथ झाडे पुढे सरकून अखेरीस जागा ताब्यात घेतात. म्हणून रानात फिरताना असे एखादे भगदाड जरूर शोधावे. पडलेला बुंधा किती कुजला आहे आणि भोवतीची रोपे किती उंच झाली आहेत, या दोन गोष्टींची सांगड घातली की ते झाड साधारण केव्हा पडले असावे, याचा तर्क कोणालाही करता येतो.

४. पाऊस जातो कोठे?

भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा पुस्तकात वाचून काही बोध होत नाही, म्हणून त्याचा एक लहानसा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे पाणी बरोबर १ लिटर भरते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एका मुसळधार दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर १० लाख लिटर पाणी आले, आणि सबंध वर्षाचे मिळून ३ कोटी लिटर. उघड्या उतारावर हेच पाणी आले तसे निघून जाते आणि जाताना माती घेऊन जाते.

जुन्या रानात त्याची वाट तीन ठिकाणी अडते. प्रथम पानांवर; थेंबाचा मारा तेथेच मोडतो आणि पाणी खोडांवरून ओघळत किंवा पानांच्या टोकांवरून ठिबकत सावकाश खाली येते. दुसरा अडसर पाचोळ्याचा, जो थेंबाला मातीवर आपटू देत नाही. तिसरा आणि सर्वांत मोठा अडसर खुद्द मातीचा. शेकडो वर्षे मुळे वाढली, मेली आणि कुजली. त्यांच्या जागी नळ्या राहिल्या. गांडुळांनी, वाळवीने आणि खेकड्यांनी बिळे केली. पाचोळ्याची काळी माती त्यात मिसळली. या असंख्य वाटांनी पाणी खाली जिरते, खडकाच्या भेगांत शिरते आणि पाऊस थांबल्यावर महिनोन्‌महिने झऱ्यांच्या रूपाने थोडेथोडे बाहेर येत राहते. सह्याद्रीतील कितीतरी देवरायांच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांच्या, पोटी एक बारमाही झरा असतो, आणि देवळाशेजारच्या कुंडातील पाणी वैशाखातही आटत नाही, यामागे ही सारी यंत्रणा आहे. ज्या भीमेच्या वाळवंटात पंढरपूरला वारकऱ्यांचा मेळा जमतो, ती नदी याच माथ्यावर उगम पावते.

ही माती किती हलकी असते याची प्रचिती हवी असेल, तर वाटेच्या कडेला बसून तळहात जमिनीवर हलकेच दाबून पाहावा, आणि मग शेजारच्या तुडवलेल्या पायवाटेवर तसाच दाबावा. पायवाटेची माती दगडासारखी लागते, कारण तिच्यातील सर्व नळ्या पावलांच्या भाराने मिटलेल्या असतात.

५. शांततेचा उलगडा

रानातील सामसूम ही तेथे काही घडत नसल्याची खूण नव्हे. तिची कारणे साधी आहेत. दाट पाने, खडबडीत साली आणि मऊ पाचोळा ध्वनी शोषून घेतात. पर्णछत्रामुळे वारा आत शिरत नाही. आणि आपण बहुधा भर दुपारी, म्हणजे पशुपक्षी विसावा घेत असतात तेव्हा, आणि तेही गप्पा मारीत जातो. उजाडण्यापूर्वी गेल्यास अनुभव निराळा येतो. पावसाळ्याच्या तोंडावर शीळकरी कस्तुर ओढ्याकाठी एखाद्या मुलाने निर्हेतुकपणे शीळ घालावी तशी तान घेत असतो, आणि उन्हाळ्यात टाळकऱ्या किड्यांचा कल्लोळ एवढा असतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये.

रान पाहण्याची पद्धत म्हणजे चालणे कमी आणि बसणे अधिक. एका ठिकाणी अर्धा तास न बोलता बसावे. बहुधा प्रथम दहा-वीस मिनिटे काहीच होत नाही, आणि मग एकाएकी निखार, कोतवाल, माशीमार अशा नाना जातींच्या पक्ष्यांचा एक संमिश्र जथा झाडाझाडांवरून सरकत येतो. एकाच्या हालचालीने उडालेले कीटक दुसऱ्याला मिळतात, आणि अनेक डोळ्यांची टेहळणी असल्याने ससाण्याची चाहूल सर्वांनाच वेळीच लागते. जथा निघून गेला, की पुन्हा सामसूम. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरूही असाच बसणाऱ्याला दिसतो. तांबूस पाठीची आणि लांब झुपकेदार शेपटीची ही मोठी खार क्वचितच जमिनीवर उतरते. काटक्या-पानांची गोल घरटी ती उंच फांद्यांवर बांधते, आणि एका घरट्यावर न थांबता अशी अनेक बांधून ठेवते. वर पाहत चालल्यास आधी घरटी दिसतात, मग कधीतरी त्यांची मालकीण.

६. ही राने वाचली कशी?

सह्याद्रीच्या उतारांवर सर्वत्र लाकूडतोड होत असताना मधले काही तुकडेच अभंग कसे राहिले, हा प्रश्न आता साहजिकच मनात येतो. याचे श्रेय मुख्यतः देवरायांच्या प्रथेला आहे. गावाच्या हद्दीतील काही रान देवाच्या किंवा देवीच्या नावाने सोडलेले असे, आणि त्यात कुऱ्हाड लावण्यास मनाई असे. कित्येक ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा उचलीत नसत, आणि कोठे चपला घालूनही आत जात नसत. कोकणात एखादे झाड गावच्या कामासाठी तोडणे अपरिहार्यच झाले, तर देवाला कौल लावावा लागे, आणि कौल उजवा मिळाल्यावाचून गावकरी व मानकरी कोणीही पुढे होत नसत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही देवाच्या नावाच्या अशा राई आजवर टिकून आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील मातृदेवतांच्या स्थानांचा अभ्यास करताना अशा राईंचे मूळ शेतीपूर्व काळापर्यंत मागे नेले. पुढे माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी गावोगाव हिंडून देवरायांतील वनस्पतींची पाहणी केली आणि १९७६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यामुळे ज्याकडे सुशिक्षित समाज भाबडी समजूत म्हणून पाहत होता, त्यात वनरक्षणाची एक अत्यंत टिकाऊ तजवीज दडलेली आहे, हे विद्वानांच्याही ध्यानात आले.

राज्यकर्त्यांपैकीही काहींना काळाची किंमत उमगली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जी ताकीद आहे, तिचा आशय असा: साग परवानगीने तोडावा, परंतु आंबा, फणस यांसारखी झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, आणि रयतेने ती पोटच्या मुलांप्रमाणे वाढवलेली असतात, एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याची राजीखुशी पाहून व मोबदला देऊनच ते न्यावे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या राजनीतिज्ञाने झाडाचे मोल लाकडावरून न ठरवता त्याला लागलेल्या वर्षांवरून ठरवले, हे मला फार थोर वाटते. पुढे इंग्रजी अमदानीत जहाजांसाठी, आणि १८५३ साली आगगाडी सुरू झाल्यावर रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांसाठी, रानांवर मागणीचा अतोनात भार पडला. १८७८ च्या कायद्याने रानांची राखीव आणि संरक्षित अशी प्रतवारी झाली, पण राखीव म्हणजे तोड न होणारे असा त्याचा अर्थ नव्हता. योजनापूर्वक तोड हाही त्या बंदोबस्ताचाच भाग होता. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीनजीक ६ हेक्टरांचा सागमिश्रित जुन्या रानाचा जो तुकडा १९५३ पासून मुद्दाम अस्पर्श ठेवला गेला आणि २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ ठरला, त्याचे अप्रूप मोठे आहे.

एवढ्याशा तुकड्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. घरात दुधाचे हंडे भरलेले असले तरी चमचाभर जुने दही नसेल तर विरजण लागत नाही. उघड्या पडलेल्या डोंगराच्या बाबतीत देवराईचे काम त्या चमच्याचे आहे. आसपासची चराई आणि तोड थांबली, की बिया, त्या वाहून नेणारे पक्षी, आणि झाडांच्या मुळांशी सोयरीक करून त्यांना क्षार पुरवणारी बुरशी ही सर्व तेथूनच बाहेर पसरू लागतात. ज्या डोंगराजवळ असा तुकडा उरलेला नाही, तेथे रोपे विकत आणून लावता येतात. पण त्यांच्यासोबत यायला हवा असलेला हा गोतावळा रोपवाटिकेत मिळत नाही.

७. काठ आणि गाभा

शेवटी एक हिशोब मांडतो, तो रान पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावा अशी माझी विनंती आहे. रानाच्या काठावर बाजूने ऊन आणि वारा शिरतो. ओल कमी होते, कोवळी रोपे करपतात, घाणेरीसारखी उपरी झुडपे माजतात. हा परिणाम काठापासून काही अंतर आत पोचतो. ते अंतर हिशोबापुरते २५ मीटर धरू. आता १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे बरोबर १ हेक्टरची देवराई घेतली, तर चारही बाजूंनी २५ मीटर वजा जाता खरा गाभा ५० मीटर बाय ५० मीटर, म्हणजे केवळ पाव हेक्टर उरतो. याच देवराईच्या मधोमध देवळापर्यंत गाडी जावी म्हणून १० मीटर रुंदीचा रस्ता काढला, तर ४५ मीटर रुंदीचे दोन पट्टे होतात. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी २५ मीटर वजा करायला गेले तर ५० मीटर हवेत, आणि तेवढी रुंदीच शिल्लक नाही. तोडलेली जागा दशांश. परंतु गाभा पूर्ण शून्य.

अलीकडच्या काळात देवरायांचा ऱ्हास पुष्कळदा याच मार्गाने होत आहे. देवाचे कौलारू घर पाडून तेथे सिमेंटचे भव्य देऊळ, त्याला फरसबंद पटांगण, पटांगणाला रस्ता, रस्त्याला दिवे. आणि या सर्वाच्या खर्चासाठी राईतीलच जुनी झाडे विकली जातात. गावकऱ्यांची भक्ती यात खरीच असते. पण ज्या देवाने शतकानुशतके उघड्यावर, झाडांच्या सावलीत राहणे पसंत केले, त्याच्या नावाने ती सावली नाहीशी होताना पाहणे फार क्लेशकारक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना आपल्या सामूहिक वनांची राखण व व्यवस्था पाहण्याचा हक्क दिला आहे. देवराई अशा वनाच्या हद्दीत येत असेल, तर तिच्याविषयीचा निर्णय घेताना वरचा हिशोब ग्रामसभेपुढे मांडणारा कोणीतरी हवा.

पाहुण्याचा वाटाही लहान नाही. वाटेत चिखल आला म्हणून तो बाजूने टाळणाऱ्या पावलांनी पायवाट दरसाल रुंद होते, आणि रुंद पायवाट म्हणजे नवा काठ. तेव्हा चिखलातूनच जावे, एकामागोमाग एक जावे, आणि थोडी माणसे जावीत. शेकरूला खाऊ टाकू नये. आमरी उपटून घरच्या कुंडीत लावू नये, कारण ती तेथे जगत नाही. कोणत्याही देवराईत शिरण्यापूर्वी गावात चौकशी करावी, तेथील रिवाज विचारून घ्यावेत, आणि शक्य तर गावातील एखाद्या जाणत्या माणसालाच सोबत घेऊन जावे. बाळहिरडा वेचण्यात ज्यांचा जन्म गेला अशा महादेव कोळी आजोबांना झाडांची जेवढी ओळख असते, तेवढी कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे जायफळाच्या कुळातील झाडांची एक अत्यंत दुर्मिळ दलदल आहे. तेथील झाडे सदैव पाण्यात उभी असल्यामुळे हवेसाठी आपली मुळे गुडघ्यासारखी वाकवून पाण्याबाहेर काढतात. २०२१ साली तिला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिचे क्षेत्र आहे २.५९ हेक्टर. ती चौरस आहे असे मानून आपला तोच हिशोब केला, तर गाभा सव्वा हेक्टरही भरत नाही. तेथे जाणाऱ्याने कोरड्या काठावरूनच पाहावे, आणि त्या मुळांवर पाय देऊ नये.